घरी विचारून सांगतो

आण्णा, म्हणजे माझे वडील, त्या दिवशी शेअर मार्केट शिकवणाऱ्या एका अकॅडमीच्या सेमिनारच्या हॉलमध्ये तीन वेळा म्हणाले, "घरी विचारून सांगतो." मी शेजारच्या खुर्चीवरच होते. नंतर तो दिवस इतक्यांदा डोक्यात फिरलाय की तिन्ही वेळा समोर कोण उभं होतं, त्यांच्या हातात काय होतं, सगळं पाठ झालंय. तिसऱ्यांदा त्यांना जे उत्तर मिळालं त्याने आमचे ८४,९६० रुपये गेले, आणि पुढच्या चार महिन्यांत मार्केटमध्ये अजून १ लाख ३८ हजार.

हे लिहायचं की नाही यात बरेच महिने गेले. शेवटी आण्णांनाच विचारलं. ते म्हणाले, लिही, माझं नाव टाकू नकोस पण लिही, यावर्षी आमच्या महावितरणच्या सबडिव्हिजनमधले अजून दोघं रिटायर होतायत. अकॅडमीचं नाव मी लिहिणार नाहीये, कारण पद्धत सगळीकडे तीच आहे हे आता मला पुरेपूर कळलंय, आणि ओळखायची आहे ती पद्धतच.

आण्णा महावितरणमध्ये ३४ वर्षं होते, लाईनमन म्हणून लागले. रिटायर झाले ऑक्टोबर २०२३ मध्ये. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे पैसे एकदम खात्यात आले, आणि पेन्शन म्हणजे ईपीएस-९५ ची, पीएफसोबतच्या पेन्शन योजनेची, जी महिन्याचा किराणा आणि शुगरच्या गोळ्या यातच संपते. म्हणजे एका बाजूला आयुष्यात कधी बघितली नाही एवढी रक्कम आणि दुसऱ्या बाजूला दर महिन्याला काहीतरी यायला पाहिजे ही काळजी. अशा माणसाला फेसबुकवर ९९ रुपयांच्या वेबिनारची जाहिरात दिसली तर तो क्लिक करणारच, त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. शिकायचंय म्हणून गेले, फुकटचं मिळेल म्हणून नाही.

वेबिनार झाला, आणि दुसऱ्या दिवसापासून फोन. रोज एक, तोच मुलगा, फार गोड बोलायचा. "काका, जेवलात का, गोळी घेतली का." रविवारी साताऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात दिवसभराचं सेमिनार आहे, एन्ट्री फ्री, जेवण आमच्याकडे, फक्त येताना घरातलं कुणीतरी एक सोबत आणा म्हणजे दोघांना कळेल. आम्हाला वाटलं किती चांगलं आहे, घरच्यांना घेऊन या म्हणतायत म्हणजे लपवण्यासारखं काही नाही. आईचे गुडघे दुखत होते म्हणून मी गेले.

फेब्रुवारी २०२४ ची गोष्ट. साडेनऊला हॉल भरलेला, दीडशेच्या आसपास माणसं असतील. खिडक्यांना जाड पडदे, एसी गार. सुरुवातीलाच सांगितलं की फोन सायलेंट नाही, बंद करा, नेटवर्कमुळे साऊंड सिस्टिमला त्रास होतो. सगळ्यांनी केले, मीपण केला. मग दीड तास सरांची स्टोरी, कर्ज, वडिलांचं आजारपण, घरात भांडणं, मग एक चार्ट, आणि मग गाडीचा फोटो. मध्येमध्ये हात वर करायला लावायचे. किती जणांना मुलांचं भलं व्हावंसं वाटतं? हात वर. किती जणांना वाटतं की पगारात भागत नाही? हात वर. शेजारच्याला टाळी द्या. हे बघताना साधं वाटतं, पण दोन तास सारखं हो हो म्हणत हात वर केले की नंतर त्याच माणसाला नाही म्हणायला जीभ रेटत नाही, हे मी स्वतः अनुभवलंय.

मग चार्ट. स्क्रीनवर बँक निफ्टीचा, म्हणजे बँकांच्या शेअर्सच्या निर्देशांकाचा, जुना चार्ट, सर बाण काढून दाखवणार, इथे बाय, इथे एक्झिट, सात दिवसांत एवढे पॉइंट्स. प्रत्येक बाण बरोबर. मी शिरवळला औषधांच्या कंपनीत क्वालिटीमध्ये काम करते, ॲनालिस्टला उत्तर आधी सांगून सॅम्पल हातात दिलं तर त्या टेस्टला काडीची किंमत नसते हे मी रोज नव्या पोरांना सांगते. आणि तिथे मी मान डोलवत होते, कारण चार्टची उजवी बाजू झाकलेली होती आणि सर ती हळूहळू उघडत होते म्हणून असं वाटत होतं की सगळं आत्ता घडतंय. प्रॉफिटचे स्क्रीनशॉट पण दाखवले. एका दिवसाचे. वर्षाचं ब्रोकरकडून येणारं टॅक्स स्टेटमेंट कुणी दाखवलं नाही आणि दीडशे माणसांत कुणाला मागायचं सुचलंही नाही.

आण्णा दुपारी एकला गोळी घेऊन जेवतात. जेवणाची वेळ दीड सांगितली होती. दीड वाजून गेला आणि तेव्हाच मेंटॉरशिपची, म्हणजे त्यांच्या कोर्सची, किंमत स्क्रीनवर आली. आधी १ लाख ८०, मग त्यावर लाल फुली, १ लाख २०, पुन्हा फुली, ७२ हजार प्लस जीएसटी, पण फक्त आज, फक्त या हॉलमधल्या पहिल्या वीस जणांना, आणि जेवणाआधी. गाणं मोठ्याने सुरू झालं. स्क्रीनवर आकडा उतरायला लागला, वीस, सतरा, चौदा. मागच्या बाजूला टेबलं लावलेली होती, स्वाइप मशीन, क्यूआर कोड, आणि चार-पाच माणसं खुर्च्या सरकवत अक्षरशः पळत गेली. ती पळाली की बाकीच्यांचं काळीज धडधडायला लागतं. माझं पण धडधडलं.

तो फोनवाला मुलगा आण्णांच्या खुर्चीशेजारी गुडघ्यावर बसला. असेल तेवीस-चोवीसचा. "काका, तुमच्यासाठी सीट होल्ड केलीय."

"घरी विचारून सांगतो."

"काका, खांबावर चढताना घरी विचारून चढत होता का?"

आण्णा हसले. फोनवर त्यांनीच त्याला नोकरीचं सांगितलं होतं, ते त्याने जपून ठेवलं होतं.

मग एक सिनियर मॅडम आल्या, गळ्यात आयकार्ड. आण्णा परत म्हणाले घरी विचारतो. मॅडम म्हणाल्या, घरी मार्केट कुणाला कळतं? ज्याला कळत नाही त्याला विचारून काय उत्तर येणार सर, नाहीच येणार ना. याच कारणाने मराठी माणूस मागे आहे. आजूबाजूचे दोन-चार जण बघायला लागले. आण्णांच्या कानशिलावर घाम आलेला मला दिसत होता, एवढ्या एसीत, आणि मला तेव्हा कळायला हवं होतं की ती शुगर उतरतेय. त्यांचा एक हात गुडघ्यावर होता, दुसऱ्या हातात तो फॉर्म, पेन मॅडमनीच बोटांत अडकवून दिलेला.

तिसऱ्यांदा आण्णा अगदी हळू म्हणाले, तरी एकदा घरी विचारतो.

आणि मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "अहो सर, मुलगी शेजारीच बसलीय. घर तर इथंच आहे की. विचारा ताईंना."

सगळे माझ्याकडे बघतायत. आण्णा माझ्याकडे बघतायत. ज्या माणसाने ओव्हरटाइम करून मला बीएस्सी केलं त्याला दीडशे लोकांत मी म्हणू का की आण्णा तुम्हाला हे झेपणार नाही? मला तर मार्केटमधलं काही कळतही नव्हतं. मी म्हणाले, "आण्णा, तुम्हाला योग्य वाटतं ते करा."

ते वाक्य त्यांनी होकार म्हणून धरलं. त्या मुलाने आणि मॅडमनी आम्हाला मात्र एकमेकांशी पाच मिनिटं नीट बोलूच दिलं नाही. घरचं माणूस सोबत आणा का म्हणाले होते ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं, पण तोवर मी टेबलापाशी होते. पाच हजार टोकन जीपेवर. बाकीचे ७९,९६० "नो कॉस्ट ईएमआय" वर. आण्णा रिटायर, म्हणून मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही सॅलरीड आहात ना, तुमचं पॅन टाकू." बंद केलेला फोन चालू करायला लावला, एका मुलीने तो हातात घेतला, आधार, ओटीपी, सेल्फी, अजून एक ओटीपी, सहा-सात मिनिटांत झालं. मला वाटत होतं की अकॅडमीला दर महिन्याला हप्ता द्यायचाय. तसं नव्हतं. एका फायनान्स कंपनीने माझ्या नावावर कर्ज दिलं, अकॅडमीला तिचे पैसे लगेच मिळाले, आणि १२ महिने ६,६६३ रुपये मी फेडायचे, कोर्स आवडो, न आवडो, चालू राहो, बंद पडो.

जेवण पावणेतीनला मिळालं. गाडीत आण्णा काही बोलले नाहीत. आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "मला एक फोन करायचा होतात."

एक गोष्ट इथेच सांगते कारण ती मला तेव्हा माहीत असती तर पुढचं काहीच झालं नसतं. ॲपवरून असं कर्ज दिलं जातं तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२२ च्या डिजिटल लेंडिंगच्या नियमांप्रमाणे कूलिंग ऑफ पिरियड द्यावा लागतो. त्यात तुम्ही मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचा खर्च भरून कर्जातून दंडाशिवाय बाहेर पडू शकता. तेव्हा तो कमीत कमी तीन दिवसांचा होता, २०२५ च्या नव्या नियमांत कमीत कमी एक दिवस झालाय. आता मुद्दल गेलेलं असतं अकॅडमीकडे, त्यामुळे ते तुम्हाला तिच्याकडून परत मागावं लागतं, सोपं नाहीये, पण तीन दिवसांच्या आत लेखी मागणं आणि महिन्यांनी मागणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मेलवर फायनान्स कंपनीची की फॅक्ट स्टेटमेंटची, म्हणजे कर्जाच्या अटी आणि खर्च लिहिलेली, पीडीएफ त्याच दिवशी आलेली असते. मी ती विसाव्या दिवशी उघडली.

कोर्स म्हणजे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, आठवड्याला एक झूम आणि एक टेलिग्राम ग्रुप. डिमॅट, म्हणजे शेअर्सचं खातं, आमच्याच लिंकवरून उघडा, असं सांगितलं. का, ते नंतर कळलं, अशा लिंकमागे बऱ्याचदा ब्रोकरचा ऑथराइज्ड पर्सन, म्हणजे त्याने नेमलेला एजंट, असतो आणि तुम्ही जितकं ट्रेडिंग कराल तितका ब्रोकरेजमधला वाटा त्याला जातो, तुम्ही जिंका नाहीतर हरा. ग्रुपवर रोज सकाळी मेसेज, "फक्त एज्युकेशनल पर्पज", आणि खाली स्ट्राइक प्राइस, टार्गेट, स्टॉपलॉस, म्हणजे काय घ्यायचं आणि कुठल्या भावाला बाहेर पडायचं ते.

आण्णांनी एक वही केली होती. लाईनवरच्या कामाची नोंद ठेवायची सवय, तसंच. तारीख, वेळ, स्ट्राइक, भाव, लॉट. आणि ज्या दिवशी तोटा झाला त्या ओळीपुढे लाल पेनाने दोन शब्द, "चूक माझी". ही वही मी जुलैमध्ये पहिल्यांदा बघितली. पानंच्या पानं. चूक माझी, चूक माझी. कारण झूमवर तेच शिकवायचे की मार्केट कधी चुकत नाही, स्ट्रॅटेजी चुकत नाही, तुमची सायकॉलॉजी चुकते. ३ जून २०२४ ला एक्झिट पोलमुळे निफ्टी तीन टक्क्यांच्या वर उडाला, त्या संध्याकाळी ग्रुपवर जल्लोष होता, आण्णांनी निफ्टीचे सहा लॉट कॉल, म्हणजे निफ्टी अजून वर जाईल यावर लावलेले सौदे, घेऊन ठेवले होते. ४ जूनला मतमोजणी, निफ्टी जवळपास सहा टक्के आपटला. त्या एका दिवसात ६१ हजार गेले. आण्णांनी अकॅडमीच्या काउन्सिलरला फोन केला तेव्हा तो म्हणाला, काका, तुमचं रिस्क मॅनेजमेंट कच्चं राहिलंय, त्यासाठी आपला ॲडव्हान्स कोर्स आहे, दीड लाखाचा, तुम्हाला जुन्या विद्यार्थ्याचा डिस्काउंट देतो.

मला राग येतो तो सगळ्यात जास्त याचा. पैसे गेले, तो भाग वेगळा. पण ३४ वर्षं ज्याने पावसात खांबावर चढून काम केलं, त्या माणसाला तुम्ही वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी स्वतःवरच संशय घ्यायला शिकवलंत, आणि त्या संशयावर पुढचा कोर्स विकायला काढलात.

सप्टेंबर २०२४ मध्ये सेबीचा, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, अभ्यास पेपरात आला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ मध्ये, म्हणजे आण्णा करत होते तसल्या फ्युचर्स-ऑप्शन्सच्या सौद्यांत, ट्रेडिंग करणाऱ्या एक कोटीपेक्षा जास्त सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात, खर्च धरून सरासरी तोटा माणशी दोन लाखांच्या आसपास, सगळ्यांचा मिळून १.८ लाख कोटींच्या वर. मी ते आण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी पेपर हातात घेतला आणि स्वतः परत वाचलं. मग विचारलं, "हे आधीपासून माहीत होतं का?" मी शोधलं, तर जानेवारी २०२३ मध्येच सेबीने सांगितलं होतं की १० पैकी ९ जण एफ अँड ओ मध्ये हरतात, म्हणजे आम्ही त्या हॉलमध्ये बसलो त्याच्या वर्षभर आधी. साडेनऊ ते पावणेतीन, सव्वापाच तासांत हा आकडा एकदाही स्क्रीनवर आला नाही. वही तेव्हापासून बंद आहे. (पुढच्या वर्षीचा आकडा पण तसाच आहे, २०२४-२५ मध्ये ९१ टक्के तोट्यात, एकूण १ लाख ५ हजार कोटींच्या वर.)

रिफंडसाठी मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. अकॅडमीचं उत्तर आलं की विद्यार्थ्याने व्हिडिओ पाहिलेत, फॉर्मवर नॉन रिफंडेबल लिहिलंय आणि खाली सही आहे. सही आहेच. ती कशी झाली ते फॉर्मवर लिहिलेलं नसतं. शेवटचा हप्ता मार्च २०२५ मध्ये गेला.

मग एका लग्नात माझ्या मैत्रिणीचा भाचा भेटला, तो दुसऱ्याच शहरात दुसऱ्याच अकॅडमीत वर्षभर काउन्सिलर होता, आता सोडलंय. त्याने जे सांगितलं ते ऐकून मला गलबलून आलं कारण सगळं तेच. पगार बारा हजार, बाकी प्रत्येक क्लोजिंगमागे, म्हणजे विकलेल्या कोर्समागे, इन्सेंटिव्ह. फोनवर विचारायचं की घरात पैशाचे निर्णय कोण घेतं, आणि सेमिनारला त्याच माणसाला घेऊन यायला सांगायचं. नोकरी, आजार, मुलांची लग्नं, सगळं शीटमध्ये भरायचं, हॉलमध्ये वापरायला. सगळ्यात आधी उठून पळणारे जुने विद्यार्थी असतात, त्यांना आधी सांगितलेलं असतं. आणि ट्रेनिंगला एक छापील कागद मिळतो, लोक काय काय म्हणतात आणि त्यावर काय उत्तर द्यायचं. पैसे नाहीत याला दोन उत्तरं, वेळ नाही याला दोन. "घरी विचारून सांगतो" याला अख्खं पान. मी म्हटलं, एवढं का? तो म्हणाला, "ताई, हॉलबाहेर गेला की गेला. घरी जाऊन रात्री जेवताना विषय निघाला की दुसऱ्या दिवशी फोनच उचलत नाहीत."

तेव्हा मला आण्णांचं ते तिसरं हळू आवाजातलं वाक्य आठवलं. त्यांना घाबरट ठरवलं गेलं त्याच वाक्यावरून, आणि त्या हॉलमध्ये दिवसभरात बोललं गेलेलं एकमेव शहाणं वाक्य तेच होतं. पडदे, बंद फोन, उशिरा जेवण, उतरणारे आकडे, गुडघ्यावर बसणारा मुलगा, हे सगळं एवढ्यासाठी की माणसाने संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून बायकोला हे सांगू नये. जी वस्तू आमच्या आईच्या चार प्रश्नांपुढे टिकत नाही ती वस्तू काय लायकीची असणार?

कायद्याचं थोडं सांगते. पैसे घेऊन अमुक घ्या तमुक विका सांगायचं तर सेबीकडे नोंदणी लागते, सल्लागाराचा नंबर आयएनए ने सुरू होतो, रिसर्च ॲनालिस्टचा आयएनएच ने, आणि तो सेबीच्या साइटवर टाकून बघता येतो. "आम्ही फक्त शिकवतो" म्हणणाऱ्याला नोंदणी लागत नाही, सगळे त्याच आडोशाला उभे असतात. जानेवारी २०२५ मध्ये सेबीने तिथे रेघ मारली, नुसतं शिक्षण देतो म्हणणाऱ्याने मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून कुठल्या शेअरबद्दल बोलायचं नाही. म्हणजे क्लासमध्ये आजचा चार्ट लावून हे घ्या ते विका सांगितलं जात असेल तर ते शिक्षण नाही. 'बाप ऑफ चार्ट' नावाने क्लास घेणाऱ्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये सेबीने अंतरिम आदेश काढला, १७.२ कोटी जमा करायला सांगितले, आणि त्यात सेबीने म्हटलंय की लोकांना प्रॉफिट दाखवणाऱ्या या माणसाला स्वतःला जवळपास अडीच वर्षांत २.८९ कोटींचा तोटा झाला होता. डिसेंबर २०२५ मध्ये आपल्या महाराष्ट्रातल्याच एका फार मोठ्या अकॅडमीवर असाच आदेश आला, ५४६ कोटींचा. (तोही अंतरिमच होता, शेवटचा निकाल नव्हता, आणि आम्ही गेलो ती अकॅडमी ती नाही.)

परवा आण्णांचे एक जुने सहकारी घरी आले होते, या महिन्यात रिटायर होतायत. त्यांनाही रविवारचं बोलावणं आलंय, त्याच हायवेवर, जेवणासकट. आण्णांनी त्यांना जाऊ नको म्हटलं नाही. कपाटातून ती वही काढली आणि त्यांच्या हातात दिली. ते पानं उलटत होते, लाल पेनाच्या ओळींवर थांबत होते, आण्णा समोर बसून होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, "गेलास तर फोन बंद करू नकोस. किंमत सांगायला लागले की वहिनींना लाव आणि चालूच ठेव, त्यांना ऐकू दे सगळं."

आई आतून म्हणाली, "आणि खिशात बिस्किटं ठेवा, जेवायला तीन वाजवतात."